बडीला मागे टाकून चौथी आले, ते चुकलं का?

प्रिय ताई,

मी सातारा जिल्ह्यातली, वय २३. लष्करी अधिकारी होण्यासाठी एका अकादमीत आहे. कुठली ते लिहीत नाही. पहिली टर्म संपवून सुट्टीवर आलेय. माझं कोडं असं की एकटी पळते तेव्हा मुलींमध्ये पहिल्या पाचात असते. २.४ किलोमीटर बरोबर १२ मिनिटांत. पण सकाळच्या स्क्वाड रनमध्ये, म्हणजे सगळ्यांनी रांगेत एका चालीनं पळायच्या दौडीत, तिसऱ्या किलोमीटरला मागे पडते आणि उस्ताद (आमचे प्रशिक्षक) ओरडतात, "पीछे वाले, गैप भरो!" वेग तर माझ्या निम्मासुद्धा नसतो.

दुसरं. क्रॉस कंट्रीत माझ्या बडीच्या, म्हणजे ट्रेनिंगमधल्या जोडीदारणीच्या, पोटात कळ आली. मी थांबले, ती म्हणाली, "तू जा." मी गेले, चौथी आले, सावलीत बूट सोडून बसले. ती शेवटून दुसरी आली. रविवारी अख्ख्या प्लाटूनला (आमच्या तुकडीला) रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, मिळाला आणि तेव्हापासून मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. पुढच्या वेळी मी मुद्दाम हळू पळू का? (महिनाभर उजव्या नडगीत दुखतंय, पण एमआय रूमला, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, गेलं की कामचुकार म्हणतात, म्हणून गेले नाही.)

तुमची,
स्क्वाडच्या शेपटातली


शेपटातल्या पोरी,

कंसातलं आधी घेते. बाकीचं पत्र थांबेल, नडगी थांबणार नाही.

आत्ता बसली आहेस तिथेच उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेव आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्याकडून गुडघ्याकडे ने. वीतभर पट्टा सगळाच ठणकत असेल आणि पळायला लागल्यावर थोड्या वेळात दुखणं विरत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट. कटकटीचं, पण आवाक्यातलं. पण अंगठा रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागेवर आला आणि तोंडातून "आई गं" निघालं, पळताना दुखणं वाढतच जात असेल, रात्री अंथरुणातही ती जागा जागी असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. स्ट्रेस फ्रॅक्चर. खात्री करायला त्या पायावर उड्या मारून बघू नकोस. ज्याला बघायचंय तो डॉक्टर बघेल.

सुट्टीवर आहेस, तर उद्याच हाडांच्या डॉक्टरकडे जा. आणि नुसतं "पाय दुखतो" म्हणू नकोस. रोज किती किलोमीटर, कसल्या बुटांत, पाठीवर किती वजन, कधीपासून, सगळं सांग. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचायचं नाही. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. दुखणं कायम असेल तर एमआरआय करावा का, असं तूच विचार. कागद सांभाळून ठेव आणि परत गेल्यावर पहिल्या दिवशी एमआय रूममध्ये दाखव.

हे इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः फौजेच्या ट्रेनिंगमध्ये तो शहाणपणा करून बसलेली आहे. अठरा दिवस दुखणं लपवलं. रात्री बाटलीत गरम पाणी भरून नडगी शेकायची, सकाळी पट्टा घट्ट बांधायचा, त्यावर मोजा ओढायचा. मग पाच किलोमीटरची दौड आली, पाठीवर पिठ्ठू (सामानाची पिशवी), हातात रायफल. शेवटच्या उतारावर पाय टेकवला आणि तो माझा राहिलाच नाही. सहा-आठ आठवड्यांत भरून आलं असतं त्याला पाच महिने लागले. कोणी लपवायला सांगितलं नव्हतं. अक्कल माझीच.

कामचुकार म्हणतील? म्हणतील. चार दिवस. रेलिगेट होऊन, म्हणजे एक टर्म मागे पडून, खालच्या कोर्सबरोबर उभं राहावं लागलं तर तेही म्हणतील, आणि ते सहा महिने. मुलींच्या बाबतीत या भीतीला आणखी एक पदर असतो, मला माहीत आहे. डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर सैन्यात बायका अधिकारी म्हणून यायला लागल्या १९९२ पासून. आमच्या वेळी आमचं प्रशिक्षण जेमतेम सहा महिन्यांचं होतं, आता चेन्नईच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) मुलींचंही मुलांइतकंच, ४९ आठवड्यांचं. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या. एवढं होऊनही प्रत्येक मुलीच्या डोक्यात तो आवाज असतोच: मी आजारी म्हणून सिक रिपोर्ट केलं तर "मुली अशाच" म्हणतील. त्या आवाजाला हाड दुखत नाही, तुला दुखतं.

आणखी एक. तू लिहिलं नाहीस, पण मी विचारणार. पाळी वेळेवर येते आहे का? ट्रेनिंगमध्ये पाळी थांबली की बऱ्याच मुली मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतात, कटकट गेली म्हणून. ती कटकट जात नसते. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर खर्च कापायला लागतं. आधी पाळी कापतं, मग हाडांची डागडुजी. फॉलिनच्या (रांगेत हजर व्हायच्या) घाईत अर्धी पोळी ताटात टाकून पळणाऱ्या मुलींच्या नडग्याच आधी बोलायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा सुट्टीतच हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून घे, डॉक्टरांना पाळीचंही सांग, लाजू नकोस. आणि मेसमध्ये अंडी-दूध सोडू नकोस. खिशात शेंगदाण्याच्या दोन वड्या असल्या तर कुठलाही उस्ताद काही म्हणत नाही. म्हणाला तर एक त्याला दे.

आता स्क्वाड.

तुझं गणित मांडू. २.४ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचे सहा फेरे. बारा मिनिटांत सहा, म्हणजे फेऱ्याला दोन मिनिटं, किलोमीटरला पाच. (हे २.४ असं विचित्र अंतर म्हणजे दीड मैल. अमेरिकी हवाई दलातल्या डॉ. केनेथ कूपर यांनी साठच्या दशकात दमसास मोजायच्या चाचण्या रूढ केल्या, त्यातलं हे अंतर. तेव्हापासून जगभरच्या फौजा त्याच दीड मैलावर घाम गाळताहेत.) स्क्वाड रन किलोमीटरला साडेसहा-सात मिनिटांनी चाललेला असेल. वेग निम्माही नाही, हे जरा रागाच्या भरात लिहिलंस, पण तुझ्यासाठी तो हळूच. म्हणजे छातीचा प्रश्न नाही. मग काय?

तुझ्याच जिल्ह्यातून माउलींची पालखी जाते. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, ते कधी पाहिलं असशील. पण एखाद्या दिंडीच्या अगदी शेवटी चालली आहेस का? पुढचा पताकावाला आपल्या चालीनं संथ चाललेला असतो आणि शेपटातल्या बायका कधी उभ्या, कधी अर्ध्या पळत. पुढे कोणी चिखल चुकवायला क्षणभर थबकलं की मागे पन्नास जणी खोळंबतात आणि पुढचा निघाला की सगळ्यांना धावून अंतर भरावं लागतं. पुढच्याच्या एका पावलाचं शेवटापर्यंत येताना दहा पावलांचं होतं. स्क्वाडचंही तेच. पुढची रांग एकसारखी पळते. शेपूट थांब-धाव, थांब-धाव करतं. तू साडेसहाच्या वेगानं पळत नाहीसच. तू कधी आठनं, कधी साडेचारनं पळते आहेस, तेही दुसऱ्याच्या मर्जीनं. तिसऱ्या किलोमीटरला दम लागणारच.

त्यात "लंबा दाहिने, छोटा बाएँ" करून उभं केलं की कोण कुठे येईल ते उंचीवर ठरतं, दमावर नाही. तुझ्या पुढे पाच फूट आठ इंचाची मुलगी असेल तर तिच्या पावलाशी पाऊल जुळवताना तुझी टांग ताणली जाते, आणि ताणलेलं पाऊल टाच आपटत पडतं. नडगीचा संबंध इथेही आहे, लक्षात आलं असेलच.

यावर पहिला उपाय इतका साधा की कोणी विचारतच नाही. उस्तादांना सांग, "उस्ताद, मुझे आगे वाली लाइन में रखिए." आडदांड आवाजाची ही माणसं ऐकत नाहीत असा नव्या पोरांचा समज असतो. नीट, वेळेवर, एकटीनं जाऊन विचारलं तर ऐकतात. कमी दमाच्या आणि लहान टांगेच्या पळणाऱ्यांना पुढे ठेवून त्यांच्या चालीनं स्क्वाड नेणं ही काही नवी युक्ती नाही.

पुढे जागा मिळाली नाही तर शेपटात पळायची कला शिक. पुढचीच्या टाचांकडे बघत पळू नकोस. टाच दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. तिच्या खांद्यांकडे बघ. वेग बदलणार असेल तर खांदे आधी सांगतात. अंतर हातभर सुटलं की लगेच झेप घालून भरू नकोस, वीस-पंचवीस पावलांत हळूहळू भर. उस्ताद ओरडेल. ओरडू दे, तो ओरडायचाच पगार घेतो. पाऊल लहान ठेव, भराभर टाक, पाय शरीराच्या खाली पडू दे, पुढे नाही. आणि जयकारा! तू बहुधा जयकाऱ्याला पोटातून सगळी हवा ओतून देतेस आणि पुढची दहा पावलं श्वास शोधत पळतेस. प्रत्येक नवी मुलगी हेच करते, आवाज कमी पडला तर दिसेल म्हणून. ओरडणं श्वास सोडण्याच्या वेळेवर बसव. डावा पाय पडताना सोडायचा, त्यातच आवाज. घोषणा लांब असेल तर मधला शब्द गिळ. पन्नास जणींच्या आवाजात तुझा एक शब्द कोणी मोजत नाही.

नडगी डॉक्टरांनी मोकळी केली तर, आणि तरच, सुट्टीत याचा सराव कर. तुझ्या गावात पहाटे भरतीची पोरं-पोरी पळत असणारच. सातारा जिल्हा आहे, अपशिंग्याच्या नावामागे लोक उगाच मिलिटरी लावत नाहीत. पोलीस भरतीच्या मुली ८०० मीटरची तयारी करत असतील, त्यांच्या घोळक्यात सगळ्यात मागे पळ. मोजणी त्यांना करू दे. पहिले दोन दिवस तुझा जीव जाईल कंटाळ्यानं, पुढे जावंसं वाटेल. जाऊ नकोस. दुसऱ्याच्या पावलावर पळणं हे वेगळं कसब आहे, आणि एकटीनं रस्ते तुडवून ते येत नाही. नडगी मोकळी नसेल तर पोहणं आणि सायकल, तेही डॉक्टरांना विचारून. बाकी काही नाही.

बडी.

मुद्दाम हळू पळू का, याचं उत्तर: नाही. जिथे घड्याळ तुझ्या नावाचं आहे तिथे तुझं पळ. २.४ ची चाचणी, वेळ लावलेली पाच किलोमीटरची दौड, हे तुझे. तिथे बडीसाठी थांबून तू दोघींना नापास करशील आणि तिच्यावर उपकाराचं ओझं ठेवशील. एकमेकींसाठी हळू पळणाऱ्या जोड्या मी पाहिल्यात. चौथ्या महिन्यात त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. तू थांबलीस, विचारलंस, ती "जा" म्हणाली, तू गेलीस. त्यात मला चूक दिसत नाही.

मला खटकलं ते पुढचं वाक्य. "सावलीत बूट सोडून बसले."

त्या वाक्यावर मी दोनदा आले. तुझी शर्यत संपली होती, तिची चालू होती. तू चौथी आलीस म्हणजे तुझ्याकडे वीसेक मिनिटं तरी होती. पाणी पिऊन शेवटच्या वळणापर्यंत चालत मागे गेली असतीस, दोराबाहेर उभी राहून तिला नावानं हाक मारली असतीस, तर कुठलाही नियम मोडला नसता. हात लावायचा नाही, ओढायचं नाही. नुसतं बाजूला उभं राहायचं आणि सांगायचं, तीनशे मीटर राहिलेत, दोनशे राहिलेत. पोटात कळ असताना माणसाला किती उरलंय हे कळत नाही, त्याला वाटतं जन्मभर पळायचंय. कोणीतरी आकडा सांगितला की पाय चालतात. प्लाटूनला राग तुझ्या चौथ्या नंबराचा नाही, पोरी. त्या शेवटच्या वळणावरून आत आल्या तेव्हा त्यांना तू दिसलीस, बूट काढलेली.

रगड्याचं मनाला लावून घेऊ नकोस. एकीसाठी सगळ्यांना शिक्षा हे मलाही कधी पटलं नाही, अजून पटत नाही. पण त्या शिक्षेला पुढे एक गंमतीची चव येते, हेही खरं. एनडीएत शिक्षा म्हणून सिंहगडावर धाडायची जुनी रीत आहे. त्या गडाला शिव्या घालत चढलेले लोक निवृत्त झाल्यावर पुण्यात घर घेतात आणि नातवंडांना खिडकीतून तोच गड दाखवतात.

ज्या दौडीत शेवटची मुलगी आल्यावरच घड्याळ थांबतं, तिथला हिशेब मात्र वेगळा. तिथे तुझी १२ मिनिटं कुणालाच नकोत. तिथे तुझ्यासारखीनं पुढे नाही, मागून तिसरी-चौथी पळायचं, जी ढेपाळतेय तिच्या बाजूला. पाठीवर हात ठेवून ढकलू नकोस. पिठ्ठूला धक्का बसला की तिचा तोल जातो आणि मानही. चालत असेल तर तिची रायफल घे, नसेल चालत तर तिच्या कानाशी पाऊल मोज. माझ्या पहिल्या पोस्टिंगला मी रोज सकाळी जवानांच्या पुढे पळायची, टेचात. गढवालची दोन पोरं माझ्यामागे मुद्दाम हळू पळत असायची, मॅडम पुढे दिसाव्यात म्हणून. हे मला कळलं तेव्हा लाज वाटली. आमचे सुभेदार साहेब चाळिशी ओलांडलेले, ते नेहमी सगळ्यात शेवटी. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मैडम, आगे से पीठ भी नहीं दिखती किसी की." दुसऱ्या दिवसापासून मी मागे गेले. कोणाच्या बुटाचा तळ सुटलाय, कोण लंगडतोय, कोण रात्री झोपलेला नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याआधीच्या तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

आता रिकामी खुर्ची. परत गेल्यावर सगळ्यांसमोर माफीचं भाषण करू नकोस, फार ओशाळवाणं होतं ते. बडीला आजच फोन कर. क्रॉस कंट्रीचा विषय काढ आणि आधी तिला विचार, कळ कुठे आली होती, पळण्याआधी काय खाल्लं होतं. बऱ्याचदा पळण्याच्या थोडंच आधी घटाघटा प्यायलेलं पाणी किंवा भरपेट नाश्ता हेच कारण निघतं आणि पुढच्या वेळी टळतं. मग सांग की बूट काढून बसायला नको होतं. एवढंच वाक्य. ती काय म्हणते ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. नडगीचंही तिला सांग. तू महिनाभर तिच्यापासूनही लपवलं असशील, तर तिला बडी म्हणण्याला फारसा अर्थ नव्हता, आणि तो दोष तिचा नाही.

एक्स-रेचं काय झालं ते कळव.

तुझी,
ताई

ता. क. मोजे. एकावर एक दोन घाल, आतला पातळ, बाहेरचा जाड, म्हणजे घासलं तरी मोजा मोज्यावर घासतं, कातड्यावर नाही. आणि नवे बूट घेतले असशील तर सुट्टीतच घरात घालून हिंड, शेण काढायला जातानासुद्धा. आई ओरडेल. तिला सांग, ताईंनी सांगितलंय.